पाठदुखीचा क्लेम व्हीएने नाकारला? चिडून अपील करण्याआधी ते पत्र नीट वाचा

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेली भारतीय मुलं आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २००८ मध्ये जाहीर झालेल्या मॅव्हनी योजनेत तर स्टुडंट व्हिसावर आलेली मुलंसुद्धा भाषेच्या जोरावर भरती झाली, २०१६ पासून ती भरती बंद आहे पण तेव्हा गेलेली मंडळी आता सैन्यातून बाहेर पडून तिशी-चाळिशीत आलीयेत आणि त्यातले बरेच जण पाठ धरून बसलेत. साहजिकच आहे, वर्षानुवर्षं पाठीवर जड रकसॅक, अंगावर चिलखत, ट्रकमधून आदळआपट, कुणी पॅराशूटने उड्या मारलेल्या. मग कुणीतरी सांगतं की व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याकडे, भरपाईचा क्लेम टाक, हा टाकतो, आणि काही महिन्यांनी पाकीट येतं ज्यात लिहिलेलं असतं, नामंजूर.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "जाऊ दे, सरकारी काम" म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये टाकतात, नाहीतर तिरीमिरीत दुसऱ्या दिवशी अपील ठोकतात आणि त्यात "मी देशासाठी एवढं केलं आणि तुम्ही..." असं चार पानं लिहितात. दोन्हीचा उपयोग नाही. त्या पत्रातच लिहिलेलं असतं की तुमच्या केसमध्ये काय कमी पडलं, अपील म्हणजे फक्त तेवढी कमी भरून काढायची असते. हा अख्खा लेख त्या एकाच गोष्टीवर आहे.

## आधी बेसिक: व्हीए नेमकं काय तपासतं

व्हीए म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, माजी सैनिकांचं सरकारी खातं. पाठ दुखते एवढ्यावर ते पैसे देत नाहीत. त्यांना तीन गोष्टी लागतात. आज पाठीला काहीतरी झालेलं आहे, सैन्यात असताना काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. तिसऱ्या गोष्टीला नेक्सस म्हणतात, हा शब्द एवढा लक्षात ठेवा कारण पाठीचे क्लेम बहुतेक वेळा तिथेच अडकतात. तिन्ही जुळलं की आजार "सर्व्हिस कनेक्टेड" ठरतो आणि मगच अपंगत्वाचे टक्के आणि त्यावर ठरणारे पैसे वगैरे.

आता पहिल्या गोष्टीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की एमआरआयमध्ये काही दिसलं नाही म्हणजे संपलं. पूर्वी तसंच होतं, नुसतं दुखणं म्हणजे अपंगत्व नाही असं धरायचे. पण २०१८ मध्ये सॉन्डर्स विरुद्ध विल्की या केसमध्ये फेडरल सर्किट कोर्टाने सांगितलं की दुखण्यामुळे माणसाच्या हालचालीवर, कामावर परिणाम होत असेल तर वेगळं निदान नसलं तरी ते दुखणं हेच अपंगत्व धरता येतं. त्यामुळे पत्रात "निदान नाही" एवढंच कारण दिलं असेल तर केस मेलेली नाही.

आता पत्र उघडा. त्यात कुठले कागद बघितले त्याची यादी असते, नकाराची कारणं असतात, आणि एक छोटासा भाग असतो ज्याच्याकडे कुणी बघतच नाही, "फेव्हरेबल फाइंडिंग्ज". म्हणजे तुमच्या बाजूने काय काय मान्य केलं ते. उदाहरणार्थ, तुम्हाला डिस्कचा त्रास आहे हे मान्य, सैन्यात एकदा कंबर लचकली होती हेही मान्य. हे दोन्ही तिथे लिहिलेलं असेल तर भांडण फक्त नेक्ससचं उरलं. आणि एकदा मान्य केलेली गोष्ट पुढच्या टप्प्यावरचा अधिकारी सहजासहजी फिरवू शकत नाही, त्यासाठी आधीची चूक अगदी उघड आणि निर्विवाद असावी लागते. मग जे मान्यच झालंय त्यावर आणखी पन्नास पानं जोडून काय मिळणार?

यादीही बारकाईने बघा. तुम्ही पाठवलेला फिजिओथेरपीचा रिपोर्ट त्यात नाहीये असं दिसलं तर तो त्यांनी बघितलेलाच नाही असं समजायला जागा आहे, आणि ते पुढे तुमच्या कामाचं आहे.

## तीन रस्ते, आणि चुकीचा निवडला की वेळ जातो

१९ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन अपील कायदा लागू झाला (मंजूर २०१७ मध्येच झाला होता). तेव्हापासून नकार आला की तीन रस्ते असतात. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे कारण आपण सगळे बोर्डाच्या परीक्षेतून गेलोय.

पहिला, हायर लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म २०-०९९६. हे सरळ सरळ रिचेकिंग आहे. तीच उत्तरपत्रिका, तपासणारा वेगळा आणि जास्त अनुभवी, तुम्हाला नवीन एक ओळही लिहिता येणार नाही. फक्त एकदा फोनवर बोलता येतं, त्यात तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी चूक कुठे झाली ते सांगू शकता. पुरावा आधीच पुरेसा होता पण कुणी नीट वाचलाच नाही, अशा केसला हा रस्ता.

दुसरा, सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. इथे नवीन कागद जोडायचा असतो, जोडावाच लागतो, आणि तो मुद्द्याशी संबंधित हवा. आधी पाठवलेलाच रिपोर्ट पुन्हा पाठवला तर तो नवीन नाही.

तिसरा, बोर्ड अपील, फॉर्म १०१८२. इथे केस वॉशिंग्टनच्या बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्सच्या न्यायाधीशाकडे जाते. त्यातही तीन प्रकार, आहे त्या कागदांवर निकाल, ९० दिवसांत नवीन पुरावा देऊन निकाल, किंवा सुनावणी. पहिल्या दोन रस्त्यांसाठी व्हीएने स्वतःला सरासरी १२५ दिवसांचं टार्गेट दिलंय, बोर्डाच्या सगळ्यात जलद प्रकाराला ३६५ दिवसांचं, आणि सुनावणी मागितली तर त्याहून जास्त धरून चाला.

माझं मत विचाराल तर पाठीच्या केसमध्ये नेक्सस कमी पडला असेल तर सप्लिमेंटल. लोक हायर लेव्हलला जातात कारण नाव भारदस्त आहे, वरच्या साहेबाकडे गेल्यासारखं वाटतं. पण फाइलमध्ये डॉक्टरचं मत तुमच्या विरुद्ध एकच असेल आणि तुमच्या बाजूने काहीच नसेल तर वरचा साहेब तरी काय करणार, त्याच्यासमोर तेच कागद.

मुदत मात्र तिन्हीला एकच, पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष. वर्षाच्या आत कुठलाही रस्ता धरला तर तुमची मूळ क्लेमची तारीख टिकते आणि पुढे मंजूर झालं की मागची थकबाकी साधारण तिथपासून मिळते. वर्ष उलटलं तर हायर लेव्हल आणि बोर्ड दोन्ही बंद, सप्लिमेंटल तेवढा कधीही टाकता येतो पण थकबाकी नवीन तारखेपासून. म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेलं पत्र महागात पडतं.

## "पण सैन्यात असताना मी डॉक्टरकडे गेलोच नाही"

हे तर जवळजवळ प्रत्येकाचं असतं. सिक कॉलला, म्हणजे सैन्यातल्या डॉक्टरकडे, गेलं की प्लाटूनमध्ये कामचुकार ठरतो, गेलं तरी आयब्युप्रोफेन देऊन परत पाठवतात, आणि बाहेर पडताना शेवटच्या तपासणीत घरी जायच्या घाईत सगळे "काही त्रास नाही" वर टिक करतात. मग व्हीए म्हणतं, नोंद कुठे आहे?

नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं मात्र नाही. २००६ च्या ब्युकॅनन विरुद्ध निकल्सन या निकालात कोर्टाने हेच म्हटलंय, त्या काळचे वैद्यकीय कागद नाहीत एवढ्याच कारणावरून माणसाचं म्हणणं अविश्वसनीय ठरवता येत नाही. पाठ कधीपासून दुखते हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही, ते ज्याची पाठ आहे त्याला कळतं. (पण दुखण्याचं कारण वैद्यकीयदृष्ट्या काय, हे सांगायला मात्र डॉक्टरच लागतो, इथे लोक गल्लत करतात.)

मग पुरावा कुठून आणायचा? डीडी-२१४ पासून सुरू करा, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, त्यात तुमचं काम काय होतं आणि बॅजेस कुठले ते असतं. पॅराशूटचा बॅज असेल तर तुम्ही उड्या मारल्या हे कुणाला पटवून द्यायला नको, आणि तुमचं काम कुठल्या स्वरूपाचं आणि कुठल्या परिस्थितीतलं होतं याचा विचार करणं व्हीएवर कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्ष लढाईत दुखापत झाली असेल तर नियम आणखी सैल आहेत. त्यानंतर सोबतच्या सैनिकांची, बायकोची, आईची लेखी निवेदनं, फॉर्म २१-१०२१०.

निवेदन म्हटलं की लोक "तो फार शूर आणि प्रामाणिक आहे" असं लिहून आणतात. त्याने काही होत नाही. बायकोने असं लिहावं की लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे तो सैन्यातून आल्यावर चारच महिन्यांनी, सकाळी त्याला मोजे घालता येत नाहीत, पलंगाच्या कडेला बसून आधी एक पाय उशीवर ठेवतो, वाण्याचं सामान मी उचलते, लांबच्या ड्राइव्हला दर तासाला गाडी थांबवावी लागते. सोबत्याने लिहावं की अमुक तळावर ट्रकच्या मागच्या फळीवरून हा पडला तेव्हा मी तिथे होतो, दोन दिवस बराकीत आडवा होता. तारीख अगदी आठवत नसेल तर महिना, ऋतू, कुठली नेमणूक ते लिहा, पण उगाच खोटी तारीख ठोकू नका, एक तारीख चुकीची निघाली की बाकी सगळ्यावर शंका येते.

## "ते म्हणतात वयामुळे झालंय"

हे वाक्य पाठीच्या नकारपत्रात हमखास असतं. डिजनरेटिव्ह डिस्क, म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यात, आणि तपासणाऱ्याने लिहिलेलं असतं की हे वयोमानानुसार दिसतंय, सैन्यात उपचाराची नोंद नाही, सबब संबंध असण्याची शक्यता कमी.

यात दोन फटी असतात. एक, तपासणाऱ्याने फक्त नोंद नाही एवढ्यावरच मत दिलं आणि तुम्ही स्वतः काय सांगितलं त्याचा विचारच केला नाही, तर ते मत अपुरं आहे. २००७ च्या डाल्टन विरुद्ध निकल्सन केसमध्ये कोर्टाने नेमकं हेच सांगितलं. आणि व्हीएने एकदा तपासणी करायची ठरवली की ती पुरेशी आणि नीट करून देणं ही त्यांची जबाबदारी आहे, हेही त्याच वर्षीच्या बार विरुद्ध निकल्सनमध्ये आलंय. दोन, तिशीतल्या माणसाच्या चकत्या "वयामुळे" झिजल्या असं म्हणताना त्याने रकसॅकबद्दल एक अक्षरही लिहिलं नसेल तर मग कारणमीमांसा कुठे आहे?

पण फट दाखवून भागत नाही, समोर दुसरं मत ठेवावं लागतं. त्याला नेक्सस लेटर म्हणतात. तुमच्या डॉक्टरने सगळे कागद वाचलेत असं त्यात लिहिलेलं हवं, आणि मग "ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट" हे शब्द, म्हणजे सैन्यातल्या कामामुळे हे झालं असण्याची शक्यता निदान पन्नास टक्के. फक्त पन्नास! कायद्यानेच सांगितलंय की दोन्ही बाजू समसमान असतील तर संशयाचा फायदा सैनिकाला. आपल्याकडचे भले डॉक्टर काय करतात, नम्रपणे "असू शकेल", "शक्यता नाकारता येत नाही" असं लिहितात, आणि व्हीए ते अंदाज म्हणून बाजूला ठेवतं. आणि नुसते ते शब्द टाकून सही केली तरी चालत नाही, का ते लिहावं लागतं. किती वजन किती वर्षं, दुखणं कधी सुरू झालं, मधल्या काळात काय काय उपचार, एमआरआयमध्ये कुठल्या मणक्याला काय दिसतंय, वय आणि सैन्यानंतरची नोकरी हे कारण पुरेसं का नाही. दीड पानाचं पण कारणांसकट पत्र हे दहा पानी छापील पत्रापेक्षा भारी.

अजून एक रस्ता आहे जो लोक विसरतात. गुडघा किंवा घोटा आधीच सर्व्हिस कनेक्टेड असेल आणि लंगडत चालून चालून कंबर गेली असेल तर पाठ ही त्या गुडघ्यामुळे झाली असा क्लेम करता येतो, किंवा आधीची पाठ गुडघ्यामुळे जास्त बिघडली असाही. मग पाठीला सैन्यातली घटना शोधत बसायची गरजच नाही. आणि एक्सरेमध्ये संधिवात असेल, तो सेवामुक्तीनंतर वर्षभरात किमान १० टक्क्यांइतका दिसून आला असेल, तर संबंध गृहीतच धरला जातो.

## रेकॉर्ड जळाले असतील तर

हे जुन्या सैनिकांसाठी. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली गेल्या. १९१२ ते १९६० मध्ये बाहेर पडलेल्या आर्मीवाल्यांच्या साधारण ८० टक्के. अशा केसमध्ये व्हीएने दुसरीकडून कागद शोधायला मदत करायची असते आणि निवेदनांना जास्त महत्त्व येतं.

## तपासणीच्या दिवशी मर्दपणा घरी ठेवा

अपीलमध्ये बऱ्याचदा नव्याने तपासणी होते, तिला सी अँड पी एक्झाम म्हणतात, ती व्हीएने नेमलेली खाजगी कंपनीही करते. ही उपचाराची तपासणी नाही, मोजमाप आहे. तपासणारा गोनिओमीटर नावाचं एक साधन काढतो, प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एका खिळ्यावर फिरतात आणि मध्ये अंश लिहिलेले असतात, आपल्या कोनमापकाचाच भाऊ. तुम्हाला पुढे वाकायला सांगतो. कमरेतून पूर्ण वाकणं म्हणजे ९० अंश. ३० च्या पुढे आणि ६० पर्यंतच वाकता आलं तर २० टक्के, ३० किंवा त्याहून कमी तर ४० टक्के, ६० च्या पुढे ८५ पर्यंत असेल तर १० टक्के. म्हणजे अख्खा मामला त्या दोन पट्ट्यांवर आला.

आणि इथे सैनिक काय करतो, दात ओठ खाऊन जमिनीला हात लावून दाखवतो! सवयच तशी लागलेली असते. तपासणाऱ्याने ९० लिहिलं की विषय संपला. खोटं नाटक अजिबात करू नका, ते कळतं आणि लिहूनही ठेवतात, पण दुखायला लागलं की "इथे दुखतंय" असं तोंडाने सांगा, कारण दुखणं कितव्या अंशाला सुरू झालं हे नोंदवायचं असतं. आणि पाठीचं असं असतं की तपासणीच्या दिवशी नेमकी ती बरी असते. म्हणून वाईट दिवसांबद्दल स्वतःहून बोला. महिन्यातून किती वेळा पाठ धरते, किती दिवस राहते, तेव्हा किती वाकता येतं. २०१७ च्या शार्प विरुद्ध शुल्किन निकालानंतर "आत्ता दुखत नाहीये त्यामुळे सांगता येत नाही" असं म्हणून तपासणाऱ्याला सुटता येत नाही, तुमच्या सांगण्यावरून अंदाज करावा लागतो. पण तुम्ही सांगितलंच नाही तर तो कशावरून करणार?

पायात कळ जाते का, मुंग्या येतात का हेही सांगा. सायटिकाला पाठीपेक्षा वेगळे टक्के मिळतात, प्रत्येक पायाला वेगळे.

घरी आल्यावर लगेच लिहून ठेवा की तपासणी किती मिनिटं चालली, गोनिओमीटर काढला की नुसतं डोळ्याने बघितलं, काय विचारलं, काय नाही. रिपोर्ट मागवा. मेळ बसला नाही तर हेच टिपण पुढच्या पायरीवर कामाला येतं.

## एवढं करून मिळतं किती

डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ च्या दराने एकट्या माणसाला १० टक्क्यांना महिना १७५.५१ डॉलर, २० ला ३४६.९५, ४० ला ७७४.१६ मिळायचे. दर दरवर्षी महागाईप्रमाणे बदलतात, ३० टक्क्यांपासून पुढे बायकामुलांचे वाढीव मिळतात, आणि या पैशावर फेडरल टॅक्स नाही. टक्क्यांची बेरीज मात्र सरळ नाही, ४० आणि २० मिळून ६० होत नाहीत, आधी ४० काढले की उरलेल्या ६० चे २० टक्के म्हणजे १२, असे ५२, मग जवळच्या दहावर आणून ५०. हे गणित बघून डोकं फिरतं, पण आहे ते असं आहे.

"अपील केलं आणि आहे ते पण काढून घेतलं तर?" अशी भीती असते. क्लेम पूर्ण नाकारलेला असेल तर जायला काही नाहीच.

## वकील लावायचा की नाही

पहिल्या पायरीला, म्हणजे सप्लिमेंटलला, बहुतेकांना गरज नाही. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू अशा संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. काही जण उत्तम असतात, काहींच्या टेबलावर एवढ्या फाइली असतात की तुमचं नावही लक्षात राहत नाही, त्यामुळे स्वतःची कॉपी स्वतःकडे ठेवा. मान्यताप्राप्त वकील पहिला निर्णय आल्यानंतरच फी घेऊ शकतो, थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते, ३३.३३ च्या वर गेली की गैरवाजवी. जो कुणी मान्यता नसताना "तुमचे टक्के वाढवून देतो, वाढले की पाच महिन्यांचे पैसे आम्हाला" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. मान्यता आहे की नाही ते व्हीएच्या साइटवर नाव टाकून बघता येतं.

वकील असो नसो, सी-फाइल मागवा, फॉर्म २०-१०२०६. तुमच्याबद्दल व्हीएकडे असलेली सगळी कागदपत्रं त्यात येतात. वेळ लागतो म्हणून पत्र आलं त्याच आठवड्यात मागवलेली बरी.

## बोर्डानेही नाही म्हटलं तर

तरी दोन वाटा उरतात. नवीन पुरावा हातात आला असेल तर वर्षाच्या आत पुन्हा सप्लिमेंटल टाकता येतो आणि जुनी तारीख टिकते. नसेल, आणि बोर्डाने कायदा चुकीचा लावलाय किंवा कारणंच दिलेली नाहीत असं दिसत असेल, तर व्हेटरन्स क्लेम्सचं वेगळं कोर्ट आहे, १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेलं, तिथे १२० दिवसांत जावं लागतं. कोर्ट नवीन कागद बघत नाही. बऱ्याचदा ते स्वतः पैसे मंजूर करत नाही तर केस बोर्डाकडे परत पाठवतं की नीट बघा आणि कारणं लिहा. या टप्प्यावर मात्र वकील घ्याच, जिंकलात तर त्याची फी बऱ्याच केसेसमध्ये सरकारकडून वसूल होते त्यामुळे बरेच जण तुमच्याकडून आगाऊ काही घेत नाहीत. आणि १२० दिवस मोजताना पत्र घरी कधी आलं ते धरू नका, बोर्डाने निर्णय पोस्टात टाकला ती तारीख धरा.